ह्यांना सांगू नका, अक्का

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मास्तरीण निवृत्त झाली तरी तिची लाल शाई निवृत्त होत नाही, तेव्हा आधी चुका सांगते. एक, तू पत्रावर ३१ नोव्हेंबर अशी तारीख घातली आहेस. ऑक्टोबर संपल्याचं अर्धंच कळलं वाटतं तुला. दोन, शेजारच्या गुरुबसप्पांच्या नातवाचं बारसं झाल्याची बातमी पहिल्या पानावर आहे आणि तीच बातमी, त्याच शब्दांत, दुसऱ्या पानावरही आहे. एका लेकराचं बारसं दोनदा केलं काय त्यांनी? तीन, 'अव्वाला सकाळी पातळ वरण देते आणि' इथे वाक्य सोडून तू भलतंच लिहायला लागलीस. आणि पुढे काय? मी दोन दिवस विचार करत बसले.

रागावू नकोस. पत्राचा हट्ट माझाच आहे हे मला ठाऊक आहे. काय करू, फोन कानाला लावला की माझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. आणि तुमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं अव्वाला सगळं ऐकू जातं. गणपतीत झटका आला त्यात तिची वाचा गेली आणि उजवी बाजू गेली, पण कान शाबूत आहेत. आपल्या आजारपणाची चर्चा लेकीसुनांनी ओरडून केलेली कुठल्या म्हातारीला आवडेल?

आता जरा मोठ्या नणंदेचं ऐक. अमर आठ दिवसांपूर्वी व्हॉट्सअॅपवर म्हणाला, "अक्का, वर्षा आजकाल दिवसा बी झोपलेली दिसती. मुरुडहून दुकान बंद करून घरी येतो तर दिवा लावलेला नसतो." त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, तुला माहीत आहे तो कसा आहे. पण मला बरं वाटलं नाही. घरात पडीक माणूस असताना आपण दिवसा पाय पसरायचे नसतात. रुद्रेश पुण्याला शिकायला गेला, म्हणजे घरात तुम्ही तिघंच. तीन माणसांचं काम ते किती?

बाई ठेवायचा विषय तू पुन्हा काढलास. माझं उत्तर तेच आहे. परक्या बाईने अव्वाच्या अंगाला हात लावलेला तिला खपायचा नाही. आई माझी आहे, मी आले असते, पण नवरात्रात दोन्ही गुडघे बदलले ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणतात, संक्रांतीपर्यंत घराबाहेर पाऊल नाही.

अव्वाची लिंगपूजा रोज होते ना? गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तिने जन्मात पाण्याचा थेंब घेतलेला नाही. आता उजवा हात चालत नाही, तर तिचा डावा हात तू धरायचा.

तुझी,
गुरम्मा अक्का


॥ श्री ॥

लातूर
२० नोव्हेंबर २०२४

ती. अक्का यांस वर्षाचे शरणार्थ.

तारीख तीनदा बघून घातली आहे. कॅलेंडर समोर ठेवलं आहे.

दिवसा झोपते हे खरं आहे. लाज वाटते, पण खरं आहे. झोपायचं म्हणून झोपत नाही हो अक्का, भाजी निवडायला बसते आणि डोळे उघडते तेव्हा अंधार पडलेला असतो. एकदा तर ह्यांनी हलवून उठवलं तेव्हा माझ्या मुठीत मेथी होती. हे हसले. मी पण हसले. मग मोरीत जाऊन रडले. का रडले विचाराल तर सांगता येणार नाही, हल्ली कशानेही रडू येतं. परवा टीव्हीवर साबणाची जाहिरात बघून आलं.

तुम्ही विचारलंत तीन माणसांचं काम किती, म्हणून लिहिते. मोठेपणा म्हणून नाही. अव्वांना दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात असं डॉक्टरांनी बजावलं आहे. रात्री दहा, बारा, दोन, चार. मधे कपडे ओले झाले तर बदलायचे. तहान लागली की त्या डाव्या हाताने चमचा वाटीवर वाजवतात. रात्री सात-आठ वेळा तरी वाजतो. ह्यांना एकदा झोप लागली की घरावर घर पडलं तरी ऐकू जात नाही. आणि बाईमाणसाचं सगळं करायचं, ते मुलाने कसं करायचं? ते म्हणाले होते, "मी करतो की." मीच नको म्हटलं. अव्वांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

तर अक्का, गणपतीपासून मी एका दमात दीड तासाच्या वर झोपलेली नाही. पण सवय झाली आहे. माणसाला सगळ्याची सवय होते. आता तर वाटी वाजली नसली तरी मला ऐकू येते. भाजीबाजारात सुद्धा. परवा गंजगोलाईच्या बाजारातून घरी यायला निघाले आणि कुठल्या रस्त्याने यायचं तेच आठवेना. वीस वर्षं झाली मला लातुरात येऊन. एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने पाणी दिलं. कुणाला सांगितलं नाही. ह्यांना सांगू नका, अक्का.

वरणात चहाची पूड पडली एकदा. डोकं सारखं दुखतं. पायावर सूज येते, वय झालं म्हणायचं, पंचेचाळीस पुरी झाली की.

अव्वांची पूजा रोज व्यवस्थित होते. काळजी नसावी. तुमचे गुडघे जपा.

तुमची,
वर्षा


नांदेड
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणी हिस आशीर्वाद.

आज लाल शाई बाजूला ठेवली आहे. अमरचा निरोप आला की अव्वा दोन दिवस अन्नाला शिवलेली नाही. चमचा तोंडाशी नेला की दात आवळते, हात मारून ताट उडवते.

वर्षा, माझी आई अशी बाई नाही. तिने नऊ माणसांच्या घरात शेवटी बसून उरलंसुरलं खाल्लं आणि ताटात शीत ठेवलं नाही. ती अन्न उडवते म्हणजे कुणीतरी तिला ते अन्न कसं देत असेल याचा मी विचार करते आहे. वरणात चहाची पूड पडते असं तूच लिहिलंस. भाजी निवडताना झोपतेस असं तूच लिहिलंस. ज्या घरात वाढणारी बाई झोपाळलेली, तिथे पडीक माणसाने काय करायचं?

मी इथे शेजारणींना अभिमानाने सांगत असते की आमची वर्षा सोनं आहे. मला खोटं पाडू नकोस. जे काय असेल ते स्पष्ट लिही. तू अव्वाशी नीट वागतेस ना?

गुरम्मा


लातूर
३ डिसेंबर २०२४

अक्का,

पत्राला वर काही लिहिलं नाही. देवाचं नाव लिहायला हात धजत नाही.

तुम्ही स्पष्ट लिही म्हणालात. लिहिते. तुमच्याशिवाय मला कुणी नाही सांगायला, आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अव्वांची पूजा रोज होत नव्हती. मी खोटं लिहिलं होतं. पहिला महिना केली. मग रात्रभर जागून सकाळी हातपाय चालेनात, तेव्हा कपाळाला भस्म लावायचे, त्यांचा डावा हात धरून छातीवर गाऊनवरून लिंगाला टेकवायचे, आणि 'झाली पूजा' म्हणून चमचा पुढे करायचे. त्या तेवढ्यावर राजी झाल्या होत्या. बोलता येत नाही त्या माणसाने दुसरं काय करावं? पुढे पुढे मी हात धरायचं पण सोडलं. त्याच आपला हात छातीवर नेऊन लावायच्या आणि मग तोंड उघडायच्या. माझी स्वतःची पूजा तर कधीच सुटली होती.

सत्तावीस तारखेला सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नाही. छातीवर हात मारून घेत होत्या. मला वाटलं छातीत दुखतंय. डॉक्टर आले, ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठीक आहे म्हणाले. ह्यांना वाटलं पित्त झालं. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी सलाईन लावायची वेळ आली. मी भात मऊ करून, खीर करून, हाता-पाया पडून झालं. त्या छाती बडवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. डोळ्यांत पाणी.

शनिवारी, तीस तारखेला, हे दुकानात गेल्यावर मी खीर घेऊन बसले. त्यांनी वाटी उडवली. गरम खीर माझ्या पायावर पडली. अक्का, मी त्यांना मारलं. गालावर. ब्याऐंशी वर्षांच्या, अर्ध्या अंगाने गेलेल्या बाईला. आणि मी ओरडले, "मरायचंय का तुम्हाला? मग मरा की एकदाचं!"

लिहून झालं. आता पुढचं.

दुपारी पुनम म्हणून नर्स आली सलाईन बदलायला. कोवळी पोरगी आहे. अव्वांचं काम झाल्यावर मला म्हणाली, "काकू, इकडं या, तुमचं बीपी बघते." मी म्हटलं मला काय धाड भरली आहे. तिने हात धरून बसवलं. एकशे ऐंशी निघालं. मग विचारते, "तुम्ही सलग पाच-सहा तास शेवटचं कधी झोपलाव?" मला आठवेना. मी चिडले. म्हटलं, झोप काय आजार आहे का? ती म्हणाली, "झोप न्हाई, पण झोप न मिळणं हाय. दोन अडीच महिने असं काढलं की बीपी चढतं, ध्यान राहत न्हाई, कुठं काय ठेवलं ते कळत न्हाई, माणूस नसलेलं ऐकतं, आन् राग तर नाकावर असतो. तुम्ही आजारी हाव काकू." मी तिला चहा पण विचारला नाही. दार लावून घेतलं. एवढीशी पोर मला आळशी म्हणून गेली असंच वाटलं तेव्हा.

रविवारी सकाळी फ्रीज पुसायला काढला. दुधाच्या पिशव्यांच्या मागे अव्वांची लिंगाची चांदीची डबी होती. दोऱ्यासकट. गार पडलेली.

मी ठेवली होती. सव्वीसच्या रात्री चारच्या सुमाराला त्यांचं अंग पुसताना डबी ओली होऊ नये म्हणून गळ्यातून काढली असणार. तेवढ्यात दूधवाला आला असणार. एका हातात दूध, एका हातात डबी, दोन्ही फ्रीजमध्ये. असणार असणार म्हणते कारण मला यातलं काहीच आठवत नाही. अजूनही नाही. चार दिवस ती बाई छातीवर हात मारून मला सांगत होती की माझ्या गळ्यात माझं लिंग नाही, मी कशी जेवू? आपल्या लिंगायतांत लिंग अंगावरून हरवणं म्हणजे जिवंतपणी मरण, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या स्वतःच्या गळ्यात लिंग आहे, अक्का. मला कळायला नको?

डबी धुऊन, पूजा करून त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी हाताने चाचपली. मग तोंड उघडलं. वाटीभर दूध प्यायल्या. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून बघत नाहीत.

ह्यांना मी सांगितलं की दोरा तुटून डबी गादीखाली गेली होती. मारल्याचं सांगितलेलं नाही. ह्यांचा आईवर जीव किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना कळलं तर ते मला काही बोलणार नाहीत, आणि जन्मात माझ्या हातचं गोड लागणार नाही त्यांना. पाया पडते, ह्यांना सांगू नका.

वर्षा


नांदेड
६ डिसेंबर २०२४

वर्षाराणी,

पत्र वाचलं. दोनदा वाचू शकले नाही.

हात कसा उठला तुझा? कसा? झोप झाली नाही म्हणून कुणी आईच्या तोंडात मारतं का? मी चाळीस वर्षं संसार केला, शाळा केली, सासूची शेवटची दोन वर्षं काढली. कंटाळले, पण हात नाही उठला. झोपेचं निमित्त मला सांगू नकोस. त्या नर्सच्या पोरीला काय, तुझं बीपी दिसलं. तुझं मन तिला दिसलं नाही.

अमरला सांगायचं की नाही हे मी ठरवीन. त्याची आई आहे, त्याला कळायला हवं. आता थांबते.

गुरम्मा


नांदेड
१८ डिसेंबर २०२४

चि. वर्षा,

बारा दिवस झाले, तुझं पत्र नाही. येणार नाही हे मला कळायला हवं होतं. अमरला विचारलं तर म्हणतो, "समदं ठीक हाय, वर्षा जरा कमी बोलती." एवढंच.

परवा मी तुझी गणपतीपासूनची सगळी पत्रं काढली. खरं सांगते, तुला आणखी दोषी ठरवायला काढली होती. जुन्या खोडीने तारखेप्रमाणे ओळीत मांडली आणि वाचायला बसले. पहिल्या पत्रात तुझं अक्षर आपलं नेहमीचं, टपोरं. माझे वडील म्हणायचे, सुनेचं अक्षर बघून तिला घरात आणलं. दसऱ्याच्या पत्रात ओळी उजवीकडे खाली उतरायला लागल्या आहेत. त्यानंतरच्या पत्रात शब्द गाळले आहेत. मग एकतीस नोव्हेंबर. मग दोनदा बारसं. मग अर्धं सोडलेलं वाक्य. शेवटच्या पत्रात काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे.

या प्रत्येक पानावर माझी लाल खूण आहे. मी चुका मोजत होते, वर्षा. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आणि घरचं माणूस माझ्या डोळ्यांदेखत कागदावर ढासळत होतं तर मी त्याला तारीख शिकवत होते. तू लिहिलंस की घरचा रस्ता आठवला नाही. मी त्या ओळीवरून पुढे गेले. तू लिहिलंस की दीड तासाच्या वर झोप नाही. त्याच्या उत्तरात मी तुला झोपाळू म्हटलं.

मला फार शरम वाटते. आणि अजून एक सांगायचं आहे, ते याहून वाईट आहे.

डॉक्टरांनी मला प्रवासाची मोकळीक कधीच दिली आहे. वीस नोव्हेंबरलाच. मी रोज सकाळी चालायला जाते. गुरुद्वाऱ्याकडच्या बाजारात जाते, दोन जिने चढते. संक्रांतीपर्यंत पाऊल बाहेर नाही हे मी तुला लिहिलं तेव्हा अर्धं खरं होतं, नंतर अजिबात नव्हतं. सासूच्या दोन वर्षांचं मी तुला ऐकवलं. तेव्हा आम्ही घरात चार बायका होतो, रात्रीची माझी पाळी आठवड्यात दोनदा यायची. आणि मला आता अव्वाचं करायची भीती वाटत होती. रात्री दहाला पडावं आणि सकाळी सहाला उठावं, एवढंच सुख माझ्या वाट्याला आता आलं आहे, ते सोडवत नव्हतं. तुझी झोप मी माझ्या गुडघ्याखाली दाबून ठेवली.

अमरला मी काही सांगितलेलं नाही.

रविवारी, बावीस तारखेला, सकाळच्या एसटीने निघते. तू नको म्हणायच्या आत निघते. तू किल्लारीला तुझ्या माहेरी जायचं. तिथे गेल्यावर फक्त झोपायचं. आणि त्या पुनमला माझ्या वतीने बोलावून ठेव, रोज येऊन अव्वाचं अंग पुसायला कुणी जाणती बाई हवी आहे. परक्या बाईबद्दल मी जे म्हणाले ते मूर्खपणाचं होतं.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

किल्लारी
१ जानेवारी २०२५

ती. अक्का यांस शरणार्थ.

तुम्ही आलात, तीन दिवस आपण एका घरात होतो, आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्ही माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलंत आणि म्हणालात, "सर तिकडं." मला तेवढं पुरलं होतं. तोंडावर बोलायला मला जमलं नसतं. म्हणून पुन्हा पत्रच.

पंचवीस तारखेला दुपारी इथे पोचले. सिद्धेश्वरदादाच्या बायकोने जेवायला वाढलं. ताटावरून उठून जरा टेकले, ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठले. वहिनीने रात्री दोनदा नाकाशी बोट धरून श्वास बघितला म्हणे. गावात बोभाटा झाला की सासरी काहीतरी बिनसलं, पोरगी येऊन नुसती झोपती. दादाने हळूच विचारलं, "जावईबापूंसंगं भांडण झालं का?" मी म्हटलं झोप झाली नव्हती. त्याला ते खरं वाटलं नाही. कुणालाच वाटत नाही. कावीळ म्हटलं असतं तर लोकांनी डाळिंब आणलं असतं.

पहिले चार दिवस वाटी ऐकू येत होती. आता येत नाही. दवाखान्यात बीपी दाखवलं, एकशे चाळीसवर आलं आहे, गोळी चालू केली. पायाची सूज उतरली. हिशोब, नावं, कुठे काय ठेवलं, सगळं परत येतंय.

आणि अक्का, तेच वाईट झालंय. मी तुम्हाला लिहिलं होतं की मी अव्वांना मारलं. मला एकदाच आठवत होतं. आता झोप झाल्यावर सगळं लख्ख आठवतंय. एकदा नाही, दोनदा मारलं. पहिल्यानंतर त्यांनी डावा हात वर केला, तो मी बाजूला केला आणि दुसरी मारली. हे मला आधी आठवत नव्हतं, देवाशपथ. मी काही लपवलं नव्हतं.

म्हणून परत यायला पाय उचलत नाही. आठ दिवस झाले, आता यायलाच हवं, पण ह्यांच्या समोर जेवण वाढायचं कसं? तुम्ही सांगितलं नाहीत, उपकार झाले. पण मला सारखं वाटतं, आज ना उद्या कळणारच. कळून एकदाचं होऊन जाऊ दे असंही वाटतं, आणि नको असंही वाटतं. अव्वा कशा आहेत? माझ्या नावाने काही खूण करतात का?

तुमची,
वर्षा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर
५ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणी हिस अनेक आशीर्वाद.

तू अजून दहा दिवस यायचं नाहीस. हे आधी सांगते, मग बाकीचं.

अव्वा बरी आहे. पाठीला एक जखम झालेली दिसली, ती सुकत आली. पुनमने ओळखीची एक बाई आणून दिली, ती सकाळ-संध्याकाळ येते. अव्वाने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी तिच्याकडून केस विंचरून घेतले. आपणच आपल्या मनाने ठरवून बसलो होतो.

पहिली रात्र मी हौसेने जागले. आईची सेवा म्हणून. दुसऱ्या रात्री दोन वाजता गजर बंद केला आणि पुन्हा झोपले, चारला उठले तेव्हा ती ओल्यात पडलेली होती. तिसऱ्या दिवशी मी अमरला दोनदा तेच विचारलं, तो म्हणाला, "अक्का, आत्ताच सांगितलं की." माझं डोकं ठणकत होतं. दुपारी मी भाजी निवडता निवडता झोपले.

चौथ्या रात्री ती सारखी वाटी वाजवत होती. पाणी दिलं, पुन्हा वाजवली. कूस बदलली, पुन्हा वाजवली. काय हवंय ते मला कळेना आणि तिला सांगता येईना. मी तिच्या हातातून चमचा ओढून घेतला आणि त्याच हाताने तिला मारलं. चमच्यासकट. तिच्या गालफडावर वळ उठला.

तिने डोळे मिटून घेतले.

मी सकाळपर्यंत तिच्या पायापाशी बसून होते. तुला मी लिहिलं होतं, हात कसा उठला तुझा. ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. नको, ठेव. मला लाज वाटत राहायला हवी. तुला तो हात उचलायला अडीच महिने लागले, वर्षा. मला चार रात्री पुरल्या. आणि ती तुझी सासू आहे, माझी तर आई आहे.

तू माझ्यापुढे दोन चापटांची मोजदाद करत बसली आहेस. नको करूस.

सकाळी अमर चहा घेऊन आला, त्याने वळ पाहिला. "हे काय झालं?" म्हणाला. पडली, लागलं, डास चावला, काय वाटेल ते सांगता आलं असतं. अव्वा माझ्याकडे बघत होती. मी त्याला सांगितलं की मी मारलं. का मारलं तेही सांगितलं, किती रात्री झाल्यावर मारलं तेही. तो खाली बसला. कप तसाच हातात. मग म्हणाला, "अक्का, तुझं चार रात्रींत हे झालं. मग वर्षानं येवढे दिस कसं केलं?"

मी म्हटलं, ते तू तिला विचारू नकोस.

त्या रात्रीपासून तो अव्वाच्या पलंगाशेजारी खाली झोपतो. घरावर घर पडलं तरी उठत नाही म्हणायचीस ना, वाटीच्या पहिल्या ठोक्याला उठतो. अव्वाला सुरुवातीला अवघड झालं, त्यालाही झालं. आता दोघांनी काहीतरी जमवलं आहे. एक रात्र त्याची, एक माझी, आणि तू आलीस की तिसरी तुझी. दोन रात्रींमागे एक, त्याहून जास्त नाही.

अव्वा तुझ्या नावाने खूण करते का, विचारलंस. काल मी तुझं नाव घेतलं तेव्हा तिने दाराकडे पाहिलं. एवढंच झालं. उगाच वाढवून सांगत नाही.

तू आलीस की बेधडक वाढ अमरला. त्याला मी माझंच सांगितलं आहे. तुझं सांगितलेलं नाही.

तुझी,
गुरम्मा अक्का